पक्ष्यांचा आकडा छापताना तासही छापा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

हिवाळा लागला की पाहुण्या पक्ष्यांच्या बातम्या सुरू होतात. ‘किनाऱ्यावर हजारो सीगल दाखल’, ‘तलावावरील परदेशी पक्षी घटले’ अशा मथळ्याखाली एक सुंदर छायाचित्र असते आणि एखादा आकडा असतो. तो आकडा कोणी मोजला, कुठे उभे राहून मोजला आणि त्याला किती वेळ लागला, हे मात्र बहुतेक वेळा नसते. दोघांनी एका जागी तासभर बसून मोजलेले ४०० पक्षी आणि दहा जणांनी दिवसभर फिरून गोळा केलेले ४०० पक्षी, हे दोन आकडे शेजारी ठेवताच येत नाहीत. तरीही पुढच्या वर्षी त्यांचीच तुलना होते आणि ‘घटले’ किंवा ‘वाढले’ असा निष्कर्ष निघतो.

ही तक्रार फक्त वृत्तपत्रांबद्दल नाही. मोजणाऱ्यानेच वेळ आणि जागा टिपलेली नसेल तर बातमीदार ती कुठून आणणार? दिवाळी आणि नाताळच्या सुट्ट्यांत नागपुरातून कोकणात जाणारी कुटुंबे पुष्कळ असतात आणि त्यांतल्या अनेकांच्या सामानात आता दुर्बीण असते. त्यांनी किनाऱ्यावर एक तास नीट मोजणी केली तर ती नोंद खरोखर उपयोगाची ठरते. समुद्रपक्ष्यांची मोजणी कशी करतात, ती कुठे फसते आणि तीच शिस्त आपल्या अंबाझरी-गोरेवाडा तलावांना कशी लागू पडते, हे सांगण्यासाठी हे पत्र आहे. ते लांबले आहे, पण तपशिलाशिवाय या विषयाला अर्थ नाही.

तळ्यावर पक्षी बसलेले असतात आणि आपण काठाने फिरतो. तिथे प्रश्न असतो ‘एकूण किती?’ समुद्रावर आपण बसलेले असतो आणि पक्षी पुढून निघून जातात. तिथे ‘एकूण किती’ हा प्रश्नच लागू होत नाही. उत्तर नेहमी ‘तासाला किती, कोणत्या दिशेला’ असेच द्यावे लागते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर न्यू जर्सीतल्या अ‍ॅव्हलॉन येथे १९९३ पासून दर वर्षी २२ सप्टेंबर ते २२ डिसेंबर याच काळात, त्याच जागेवरून अशी मोजणी चालते. तिथल्या आकड्यांना वजन आले ते या सातत्यामुळे.

जागा निवडताना पहिला विचार उंचीचा. डोळ्यांची समुद्रसपाटीपासूनची उंची मीटरमध्ये घ्या, तिचे वर्गमूळ काढा आणि ३.५७ ने गुणा. क्षितिज किती किलोमीटरवर आहे ते कळते. पुळणीवर उभ्या माणसाला ते साडेचार किलोमीटरवर असते, २५ मीटर उंचीच्या कड्यावरून जवळजवळ १८ किलोमीटरवर. पण अठरा किलोमीटरवरचा पक्षी ओळखता येतो असा याचा अर्थ नाही. चांगल्या टेलिस्कोपमधूनही दीड-दोन किलोमीटरपलीकडच्या सुरयाची (इंग्रजीत टर्न) जात सांगणे हा अंदाजच असतो. उंचीचा खरा फायदा वेगळा आहे. पुळणीवरून पाहताना पुढची लाट मागच्या खोलगट भागाला झाकते आणि पाण्याला लगटून जाणारे पक्षी त्यात गडप होतात. उंचावरून लाटांच्या मधली जागा दिसते. मात्र फार वर चढलात तर दुसरी अडचण येते. सगळे पक्षी आकाशाऐवजी गडद पाण्याच्या पार्श्वभूमीवर दिसू लागतात आणि स्टॉर्म पेट्रेलसारखा चिमणा काळा पक्षी हरवतो. दहा ते तीस मीटर ही उंची कामाची. रत्नागिरी, जयगड, देवगड, विजयदुर्ग, हरिहरेश्वर या भागांत जमीन समुद्रात पुढे घुसलेली आहे आणि उंचीही मिळते. खाडीच्या मुखाशी बसणे टाळावे. तिथे भरती-ओहोटीबरोबर कुरव (म्हणजेच सीगल) आत-बाहेर करत राहतात आणि ते स्थलांतर नव्हे.

कोकणात समुद्र पश्चिमेला आहे. त्यामुळे सकाळी सूर्य पाठीशी असतो आणि पक्ष्यांचे रंग स्वच्छ दिसतात. दुपारी दोननंतर तोच सूर्य समोर येतो, पाणी चमकू लागते आणि सगळे पक्षी काळे दिसतात. म्हणून मोजणी सकाळचीच. सूर्योदयानंतरचे पहिले तीन तास सर्वांत चांगले. सकाळी मतलई वाऱ्यावर पाणी शांत असते. उन्हे चढली की खारे वारे सुटतात आणि लाटांवर पांढऱ्या शेंड्या दिसू लागतात. त्या सगळीकडे पसरल्या की पाण्यावर बसलेले आणि पाण्यालगत उडणारे लहान पक्षी शोधणे जवळजवळ अशक्य होते, हे नोंदीत लिहावे. नागपूरकरांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. दिवाळीच्या सुमारास रत्नागिरीचा सूर्योदय आपल्यापेक्षा साधारण वीस मिनिटांनी उशिरा होतो. नागपूरच्या सवयीने गजर लावला तर अंधारात बसावे लागते आणि तो अंधारातला वेळही चुकून मोजणीत धरला जातो.

आता मोजणीचा कणा, म्हणजे रेषा. बसल्या जागेवरून किनाऱ्याशी काटकोनात समुद्रात जाणारी एक काल्पनिक रेषा ठरवायची. ती धरून ठेवायला समोर एखादा खडक, बोया किंवा नांगरलेली मोठी बोट हवी. बोट निघून जाऊ शकते, म्हणून खडक उत्तम. काहीच नसेल तर होकायंत्राने अंश टिपून ठेवावा. जो पक्षी ही रेषा ओलांडतो तोच मोजायचा. रेषेच्या अलीकडे घिरट्या घालणारा, पाण्यावर बसून राहिलेला, बोटीमागे फिरणारा पक्षी मोजायचा नाही. हवे तर त्याची ‘स्थानिक’ म्हणून वेगळी नोंद करावी. प्रत्येक ओलांडणीची दिशाही लिहायची: उत्तरेकडे की दक्षिणेकडे. शेवटी दोन्ही आकडे वेगवेगळे द्यायचे. दक्षिणेकडे १२० आणि उत्तरेकडे ११५ पक्षी गेले असतील तर ते २३५ पक्ष्यांचे स्थलांतर नाही. बहुधा तेच पक्षी खाण्यासाठी येरझारा घालत आहेत. दक्षिणेकडे १२० आणि उत्तरेकडे ६ असतील तर मात्र काहीतरी चालले आहे. बातमीत ही बेरीज नेहमी एकत्र येते आणि सगळा अर्थ तिथेच जातो.

टेलिस्कोप रेषेवर रोखून स्थिर ठेवायचा, क्षितिज दृश्याच्या वरच्या तिसऱ्या भागात येईल असा. नवखे लोक तो डावी-उजवीकडे फिरवत राहतात. पक्षी ज्या दिशेने जात आहेत त्याच दिशेने फिरवला तर तेच पक्षी पुन्हा पुन्हा दिसतात. उलट दिशेने फिरवला तर कमी वेळात जास्त पक्षी नजरेखालून जातात. दोन्हींत तासाचा हिशेब बिघडतो. फिरवून पाहायचेच असेल तर ते दुर्बीणवाल्या दुसऱ्या माणसाने करावे आणि ‘दक्षिणेला जाणारे आठ येताहेत’ अशी आगाऊ सूचना द्यावी. मोजायचे ते टेलिस्कोपवाल्याने, रेषेवर आल्यावरच.

तीन माणसे असली की काम सुरळीत होते: एक टेलिस्कोपवर, एक ८×४२ किंवा १०×४२ दुर्बिणीने जवळचे व डोक्यावरून जाणारे पक्षी बघणारा, एक लिहिणारा. दर अर्ध्या तासाने जागा बदलाव्यात, कारण एका डोळ्याने सलग पाहून नजर थकते आणि लहान पक्षी निसटू लागतात. टेलिस्कोपच्या पुढच्या भिंगाचा व्यास ८० मिलिमीटर असेल तर उत्तम. त्याचे वर्धन २० ते ६० पट असले तरी काम २५-३० पटीवरच करावे. जास्त पटीला दृश्य अरुंद होते, अंधारते आणि वाऱ्याने थरथरते. तिपाईचे पाय पूर्ण उघडू नयेत. बसून पाहावे आणि मधल्या हुकाला पाण्याच्या बाटल्यांची पिशवी टांगावी. ती जमिनीला जेमतेम टेकलेली असावी, नाहीतर झोका घेऊन तीच तिपाई हलवते. नोंदी पेन्सिलने कराव्यात, खाऱ्या दमट हवेत शाई फुटते. भिंगावर मिठाचा थर बसतो. तो कोरड्या कापडाने पुसला तर भिंगाचे लेपन ओरखडते. आधी गोडे पाणी सोडून मीठ विरघळू द्यावे, मग टिपावे. मोजायला हातात मावणारे टॅली काउंटर दोन घ्यावेत, दक्षिणेचा डाव्या हातात, उत्तरेचा उजव्या हातात. त्यामुळे नजर काढावी लागत नाही.

वेळेबाबतची चूक सर्वांत मोठी आहे आणि सर्वांत कमी लक्षात येते. पहिला थवा दिसला की घड्याळ सुरू करायचे आणि काही दिसेनासे झाले की आवरते घ्यायचे, असे सहज घडते. मग रिकामा वेळ नोंदीतून गळतो आणि तासाचा दर फुगतो. सुरू करण्याची व संपवण्याची वेळ आदल्या रात्री ठरलेली असावी. सव्वासातला सुरू म्हणजे सव्वासातला, समोर पक्षी असो वा नसो. शून्य हा आकडा आहे आणि तो लिहिलाच पाहिजे. चार दिवसांतल्या तीन सकाळी काहीच गेले नाही आणि चौथ्या सकाळी दीडशे सुरय गेले, ही पूर्ण नोंद झाली. ‘दीडशे सुरय दिसले’ ही अर्धवट.

दर पंधरा मिनिटांनी ओळ बदलावी आणि दर तासाची यादी वेगळी करावी. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर ती ‘स्थिर’ प्रकारची, पूर्ण यादी (ओळखता आलेली प्रत्येक जात लिहिलेली) म्हणून भरता येते. अट एवढीच की त्या तासात जागा तीस मीटरच्या आत राहिली पाहिजे. नोंदीची एक ओळ साधारण अशी असावी (आकडे केवळ नमुन्याचे): सकाळी ७.१५ ते ७.३०; वारा ईशान्येकडून मंद; दृश्यता ६ किलोमीटर; तिघे, एक टेलिस्कोप; तपकिरी डोक्याचा कुरव दक्षिणेकडे ३१, उत्तरेकडे ४; मोठा तुरेवाला सुरय दक्षिणेकडे ७; सुरय, जात अनिश्चित, ९. शेवटच्या नोंदीची लाज वाटण्याचे कारण नाही. ‘अनिश्चित’चा रकाना कोरा असलेली समुद्रावरची यादी पाहिली की आमचा विश्वास उलट कमी होतो. मात्र अनिश्चित पक्षी एकूण संख्येच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त होऊ लागले तर आपण फार दूरचे मोजतो आहोत असे समजावे आणि मोजणी एक किलोमीटरपर्यंत आखडती घ्यावी. तसेही, एक किलोमीटरच्या आतले आणि बाहेरचे पक्षी वेगवेगळे लिहिणेच योग्य. जवळच्या पट्ट्यातला आकडा कोणत्याही बऱ्या दुर्बिणीने साधारण सारखाच येतो. दूरचा आकडा मात्र भिंग महाग असेल तसा वाढत जातो.

थवा मोजण्याची रीत अशी: आधी दहा पक्षी खरोखर मोजायचे, ते दृश्यात किती जागा व्यापतात हे डोळ्यांत धरायचे आणि तो तुकडा उरलेल्या थव्यावर सरकवत न्यायचे. थवा मोठा असेल तर दहाचे पन्नास, पन्नासाचे शंभर असे तुकडे वाढवायचे. थव्याचा मध्य दाट आणि कडा विरळ असतात. म्हणून कडेचा तुकडा मापाला घेतला तर आकडा कमी येतो, मधला घेतला तर जास्त. मोठ्या थव्यांचा अंदाज लोक बहुतांश वेळा कमीच करतात, हेही माहीत असावे. समुद्रावर यात एक खास अडचण असते. बारा पक्ष्यांचा थवा लाटांवरून जाताना एका क्षणी सात दिसतात, पुढच्या क्षणी दहा, कारण उरलेले लाटांमधल्या खोलगटात असतात. अशा थव्याला रेषेपर्यंत येईतो तीनदा मोजावे आणि सर्वांत मोठा आकडा धरावा. सरासरी काढू नये. लपलेला पक्षी कमी दिसतो, पण नसलेला पक्षी दिसत नाही.

पक्ष्यांची रांग संपतच नसेल तर दर दहा मिनिटांतली तीन मिनिटे निवडून तेवढीच मोजावीत. तीन मिनिटांत ४२, ५७ आणि ५१ पक्षी गेले तर सरासरी ५० आणि दहा मिनिटांचा अंदाज ५००. ही तीन मिनिटे घड्याळाने आधीच ठरलेली असावीत. गर्दी दिसली म्हणून निवडलेली नसावीत. असा आकडा ‘अंदाजे’ म्हणूनच द्यावा. एकेक मोजलेले २३७ आणि अंदाजाचे २५० यांतला फरक वाचणाऱ्याला कळला पाहिजे.

ओळख रंगापेक्षा उडण्याच्या ढबीवरून सुरू होते. कुरव संथ, वल्हवल्यासारखे पंख मारतो. सुरय हलका, सतत पंख हलवत, चोच खाली रोखून जातो आणि मध्येच सूर मारतो. बूबी जड शरीराचा, दोन्ही टोकांना निमुळता. चार-पाच वेळा पंख मारून लांब तरंगतो. शिअरवॉटर ताठ पंखांनी काही फडके मारून पाण्याच्या अगदी जवळून एका कुशीवर कलतो, पोट दाखवतो, मग दुसऱ्या कुशीवर कलून पाठ दाखवतो. विल्सनचा स्टॉर्म पेट्रेल पाकोळीएवढा, काळा, शेपटीच्या मुळाशी पांढरा. पाय पाण्यावर टेकवत चालल्यासारखा उडतो. स्कुआ दुसऱ्या पक्ष्याच्या, बहुधा सुरयाच्या, मागे लागून त्याला तोंडातला मासा टाकायला लावतो. तुरेवाल्या सुरयांत चोच पाहावी: मोठ्याची पिवळट, लहानाची नारिंगी, सँडविच सुरयाची काळी आणि टोक पिवळे. हे जवळून दिसले तरच लिहावे. काळपट पाठीचे दोन सुरय, लगामी आणि काजळी, लांबून एकसारखे दिसतात. तिथे जात न लिहिणेच प्रामाणिकपणाचे.

दिवाळीत जाणाऱ्याला मुख्यतः उत्तरेकडून आलेले कुरव व सुरय दिसतील. तपकिरी डोक्याचा कुरव लडाख-तिबेटच्या उंच सरोवरांवर वीण करून किनाऱ्याला येतो. तो परत निघतो मार्च-एप्रिलमध्ये. खोल समुद्रातले पक्षी मात्र किनाऱ्याजवळ येतात ते पावसाळ्यात. विल्सनचा स्टॉर्म पेट्रेल अंटार्क्टिकाच्या बाजूला वीण करून, तिथला हिवाळा सुरू झाला की अरबी समुद्रापर्यंत येतो. मोठे शिअरवॉटर, बूबी, नॉडी (सुरयाचा गडद रंगाचा भाऊबंद) हे नैऋत्येच्या जोरदार वाऱ्याने जमिनीकडे ढकलले जातात. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारी बंद असल्याने बोटींमागे गोळा होणारे पक्षी नसतात आणि नोंद अधिक स्वच्छ मिळते. पण पावसाळ्यात दृश्यता पुष्कळदा किलोमीटरभरही राहत नाही आणि जांभ्याचा कडा शेवाळाने निसरडा झालेला असतो. कड्याच्या काठापासून किमान पाच मीटर मागे बसावे, एकट्याने जाऊ नये आणि चक्रीवादळाचा इशारा असताना जाऊच नये. ३ जून २०२० चे ‘निसर्ग’ आणि मे २०२१ मधले ‘तौक्ते’ कोकणाने पाहिले आहे. वादळ ओसरल्यावर थकलेले समुद्रपक्षी पुळणीवर, कधी दूर आत जमिनीवरही सापडतात. त्यांना पुन्हा लाटांत फेकू नये. हातमोजे घालून, भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवावे, तोंडात पाणी किंवा मासा कोंबू नये आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. पायात कडे असेल तर त्यावरची अक्षरे-अंक पूर्ण टिपावेत, शक्यतो छायाचित्र घ्यावे.

किनाऱ्यावर बिघाड घडवणारी एक गोष्ट आपणच करतो. फेरीबोटीतून पर्यटक शेव, गाठी, वेफर उधळतात आणि कुरवांचे थवे बोटीमागे लागतात. छायाचित्र छान येते. पण त्या पक्ष्यांना ते खाणे योग्य नाही आणि मोजणीच्या दृष्टीने ती गर्दी निरर्थक आहे, कारण दहा किलोमीटरवरचे पक्षी एका ठिकाणी ओढले गेलेले असतात. ‘हजारो सीगल दाखल’ या बातमीचे चित्र बहुधा अशाच ठिकाणचे असते. ते खाऊ घालणे थांबावे असे आम्हाला मनापासून वाटते. वेंगुर्ल्याजवळच्या खडकाळ बेटांवर लगामी सुरय आणि पाकोळ्या वीण करतात. तिथे मोजणीच्या नावाखाली उतरू नये, ड्रोनही उडवू नये.

कोकणात जाण्याआधीचा सराव नागपुरातच होऊ शकतो. संध्याकाळी बगळे आणि पाणकावळे रातथाऱ्याकडे जाताना तलावांवरून रांगांनी उडतात. अंबाझरीच्या बांधावर उभे राहून समोरचे एखादे झाड किंवा मनोरा धरून रेषा ठरवा आणि सूर्यास्ताआधीचा तास रेषा ओलांडणारे पक्षी दिशेसह मोजा. दोघांनी एकमेकांचे न बघता मोजावे आणि शेवटी आकडे जुळवावेत. पहिल्या वेळी तफावत मोठी निघते. ती कुठे पडली, हे शोधताना मोजणी शिकता येते.

जानेवारीतल्या आशियाई पाणपक्षी गणनेलाही हेच लागू आहे. १९८७ पासून चालू असलेल्या या गणनेत तलावावर बसलेले पक्षी मोजतात. तिथली मोठी चूक दुहेरी मोजणीची. शनिवारी अंबाझरी आणि रविवारी गोरेवाडा असे केले तर तलवार बदकांचा तोच थवा दोन्ही यादींत येऊ शकतो. बदके दिवसा तलावावर विसावतात, रात्री चरायला जातात आणि सकाळी दुसऱ्या तलावावर उतरू शकतात. म्हणून शहरातले आणि भोवतालचे तलाव एकाच सकाळी, एकाच तासात मोजायला हवेत. माणसे कमी पडत असतील तर तलाव कमी करावेत, दिवस वाढवू नयेत. सकाळी पूर्वेच्या काठावरून पाहावे, म्हणजे ऊन पाठीशी राहते. अंबाझरीचा बांध या दृष्टीने सोयीचा आहे. धुके असेल तर ते विरेपर्यंत थांबावे, पण मग सगळ्या तलावांवरच थांबावे.

शिवाय पाण्याची पातळी लिहावी. पाऊस भरपूर झालेल्या वर्षी तलाव काठोकाठ असतो, चिखल उघडा पडत नाही आणि तुतारी, चिखल्या असे पाणथळीचे पक्षी दुसरीकडे जातात. जलपर्णी पसरली असेल तर बदकांना मोकळे पाणी मिळत नाही. अशा वर्षी ‘पक्षी घटले’ ही बातमी खरी असते, पण ते जगातून घटलेले नसतात, त्या तलावावरून सरकलेले असतात.

या काटेकोरपणाला कारण आहे. एखाद्या पाणथळीला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ ही मान्यता, मिळण्याच्या निकषांपैकी दोन थेट पक्ष्यांच्या मोजणीवर आधारलेले आहेत: तिथे नियमितपणे २०,००० पाणपक्षी असणे, किंवा पाणपक्ष्यांच्या एखाद्या जातीच्या वा उपजातीच्या एका समूहातले (पॉप्युलेशन) १ टक्का पक्षी नियमितपणे असणे. महाराष्ट्रात नांदूर मधमेश्वर, लोणार आणि ठाणे खाडी यांना हा दर्जा आहे. विदर्भातल्या एखाद्या जलाशयासाठी उद्या कोणी असा दावा मांडला, तर फुगवलेला आकडा पहिल्याच तपासणीत गळून पडेल आणि खरा आकडाही संशयात सापडेल. भारतातल्या ९४२ जातींचा आढावा घेणारा २०२३ चा राष्ट्रीय अहवाल हौशी निरीक्षकांच्या यादींवरच उभा आहे. त्यात संख्येपेक्षा ‘किती पूर्ण यादींत ही जात आढळली’ हे प्रमाण मुख्य धरलेले आहे, कारण यादींमधली संख्या एकसारख्या पद्धतीने मोजलेली नसते. ती तशी मोजली गेली तर त्यातून कितीतरी अधिक सांगता येईल.

येत्या ५ ते १२ नोव्हेंबरला राज्यात पक्षी सप्ताह साजरा होईल. मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मदिवसांनी बांधलेला हा आठवडा. त्या काळात आपल्याकडे वाचकांची छायाचित्रे आणि आकडे मोठ्या प्रमाणात येतात. आमची विनंती अशी की आकडा छापताना ठिकाण, तारीख, किती ते किती वाजता, मोजणारे किती आणि पक्षी बसलेले होते की उडत जाणारे, एवढे पाच तपशील सोबत छापावेत. दोन ओळींत बसतात. घरट्यांचे किंवा रातथाऱ्यांचे नेमके ठिकाण मात्र छापू नये. आणि वेळ व जागा न देता कोणी नुसताच आकडा पाठवला तर छायाचित्र जरूर छापावे, आकडा गाळावा.

आपले,
पाणपक्षी गणनेत भाग घेणारे काही नागपूरकर